काका, तो बर्फ ग्लासातला नाहीये

रविवारी सकाळी पोहे आणायला निघालो होतो, चप्पल घातली आणि फोन वाजला. फॅमिली ग्रुप. काकांचा फॉरवर्ड. काका म्हणजे माझे सख्खे काका, इथेच इंदुरात राजेंद्रनगरला राहतात, बँकेतून रिटायर झाले, हिशोबाला इतके पक्के की भाजीवाल्याकडे दोन रुपये सोडणार नाहीत, पण व्हॉट्सॲपवर नासाचं नाव दिसलं की सही-शिक्का न बघता चेक पास. हाच मजकूर मी आधी हिंदीत दोनदा पाहिला होता, एकदा कॉलनीच्या ग्रुपवर, एकदा स्टाफच्या, आणि दोन्ही वेळा सोडून दिला होता. आता कुणीतरी तो मशीनमध्ये घालून मराठीत काढलाय, कारण त्यात 'ध्रुवीय बर्फाची टोपी वाढत आहे' असं वाक्य आहे. टोपी वाढत वगैरे नाहीये, टोपी आपल्याला घातली जातेय.

याही वेळी सोडलंच असतं. पण खाली काकांनी स्वतः टाइप केलं होतं, 'म्हणूनच कोकणातल्या प्लॉटचं टोकन देतोय, पुढच्या सोमवारी.' पोहे राहिले बाजूला.

मजकूर थोडक्यात असा. नासानंच कबूल केलंय की अंटार्क्टिकाचा बर्फ वाढतोय. भारताचं दक्षिण गंगोत्री केंद्र बर्फाखाली गाडलं गेलं, हा पुरावा. जिथे कुठे बर्फ वितळतोय तिथे तो खालच्या ज्वालामुखींमुळे. आणि वितळला तरी काय, ग्लासातला बर्फ वितळून पाणी सांडत नाही, आर्किमिडीज. ध्रुवांजवळचे समुद्र लांब, थंडगार, बंदिस्त, त्यांचा आपल्या हवामानाशी संबंध नाही, आपला पाऊस अरबी समुद्रातून येतो. सूर्य तापतोय, हवामान नेहमीच बदलत आलंय. तेव्हा विदेशी भीतीला बळी न पडता समुद्रकिनारी जमीन निर्धास्त घ्या, आणि मध्य भारतवाल्यांनी तर चिंताच करू नये. जय हिंद.

मी शास्त्रज्ञ नाही, भंवरकुआला कोचिंगमध्ये अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवतो. त्यामुळे आर्किमिडीजचं नाव असं कुठेही घेतलेलं बघितलं की जरा जास्तच चिडचिड होते, म्हणून सुरुवात ग्लासापासून.

संध्याकाळी काकांनी व्हिडिओही टाकला. काचेचा ग्लास, चार क्यूब, स्केचपेननं मारलेली खूण, आणि अर्ध्या तासानं पाणी बरोब्बर खुणेवर. 'बघा.' ग्रुपवर सतरा अंगठे.

प्रयोग बरोबर आहे, नाइलाजानं कबूल करतो. तरंगणारा बर्फ स्वतःच्या वजनाइतकं पाणी आधीच बाजूला सारून बसलेला असतो, वितळला की तेवढीच जागा भरतो. उत्तर ध्रुवावरचा समुद्री बर्फ असाच आहे, समुद्रावर तरंगणारा, तो वितळल्यानं पातळीत जवळपास फरक पडत नाही. पण अंटार्क्टिका हा समुद्र नाहीये हो काका, तो खंड आहे, जमीन आहे, आणि त्या जमिनीवर सरासरी दोन किलोमीटर जाडीचा बर्फ बसलाय, काही ठिकाणी साडेचार किलोमीटरहून जास्त. ग्रीनलँडचंही तेच. तो बर्फ ग्लासात नाहीये, ग्लासाच्या बाहेर आहे. मी काकूला फोन करून सांगितलं, ग्लास काठोकाठ भर, वर चहाची गाळणी ठेव, क्यूब गाळणीत ठेव, आणि बघत बस. काकूनं खरंच केलं. ओल्या टेबलक्लॉथचा फोटो तिनं ग्रुपवर टाकला, खाली एक शब्द न लिहिता. अंगठे दोन, त्यातला एक माझा.

अंटार्क्टिकाचा सगळा बर्फ वितळला तर जगभर समुद्र सुमारे ५८ मीटर चढेल, ग्रीनलँडचा वितळला तर ७ मीटरहून जास्त. उद्या-परवा हे होणार नाही, त्याला शतकं-सहस्रकं लागतात, आणि कुठलाही शहाणा माणूस ते उद्या होईल असं म्हणतही नाही. पण काठोकाठ भरलेल्या ग्लासाला सगळे क्यूब लागत नाहीत.

आता गंमत अशी की ग्लासातला, म्हणजे तरंगणारा बर्फसुद्धा निरुपद्रवी नाही. अंटार्क्टिकाच्या कडेनं बर्फाच्या जाड लाद्या समुद्रावर तरंगत असतात, मागच्या हिमनद्यांना त्या धरून ठेवतात, दाराला अडसर लावावा तशा. २००२ साली लार्सन बी नावाची अशी एक लादी, सुमारे ३,२५० चौरस किलोमीटर, महिन्याभराच्या आसपास फुटून विखुरली. तिच्यामुळे समुद्र चढला नाही, फॉरवर्डवाल्यांना शंभर मार्क. पण अडसर गेल्यावर मागच्या हिमनद्या कित्येक पट वेगानं समुद्रात घसरायला लागल्या, आणि त्या जमिनीवरच्या होत्या. हे आर्किमिडीजला विचारून उपयोग नाही, त्याच्या ग्लासाला दार नव्हतं. आणि उत्तरेकडचा तरंगणारा बर्फ गेला की काय होतं ते इंदुरात मे महिन्यात गच्चीला चुना मारणाऱ्या कुठल्याही माणसाला कळतं: ताज्या हिमानं झाकलेलं बर्फाचं पांढरं छत ८०-८५ टक्के ऊन परत पाठवतं, खालचा काळा समुद्र नव्वद टक्क्यांहून जास्त ऊन पिऊन टाकतो. चुना खरवडला की घर तापणारच. १९७९ पासून उत्तर ध्रुवाचा भाग बाकीच्या जगापेक्षा जवळपास चौपट वेगानं तापलाय, आणि त्यामागे हे एक मोठं कारण आहे.

आता नासा. इथे मला सगळ्यात जास्त राग येतो कारण इथे अर्धं खरं आहे, आणि अर्धं खरं हे पूर्ण खोट्यापेक्षा खोडायला अवघड. २०१५ मध्ये नासाच्याच शास्त्रज्ञांचा एक पेपर आला होता, त्यात म्हटलं होतं की अंटार्क्टिकावर जेवढा बर्फ कमी होतोय त्यापेक्षा जास्त जमा होतोय. हो, होता. पण त्यातली मोजणी १९९२ ते २००८ ची होती, आणि ती बर्फाची उंची मोजून त्यावरून वजनाचा अंदाज काढलेली होती. इतरांची आकडेवारी तेव्हाही त्याच्याशी जुळत नव्हती. मग २०१८ मध्ये 'नेचर' या विज्ञानाच्या नियतकालिकात ऐंशीच्या वर शास्त्रज्ञांनी मिळून चोवीस वेगवेगळ्या उपग्रह-मोजण्या एकत्र करून हिशोब मांडला: १९९२ ते २०१७ मध्ये अंटार्क्टिकानं सुमारे २,७२० अब्ज टन बर्फ गमावला, वर-खाली १,३९० अब्ज टन. एवढी मोठी वर-खालीची पट्टी ते स्वतः छापतात, लपवत नाहीत. फॉरवर्ड छापतो का कधी?

मला स्वतःला ज्या मोजणीनं पटलं ती ग्रेसची. २००२ मध्ये नासा आणि जर्मनीनं मिळून दोन जुळे उपग्रह सोडले, लाडाची नावं टॉम आणि जेरी, कारण एक दुसऱ्याच्या मागे सुमारे २२० किलोमीटरवर पळत राहतो. खाली जास्त वजन आलं, म्हणजे पर्वत किंवा बर्फ, की त्याचं गुरुत्वाकर्षण पुढच्याला आधी ओढतं, दोघांमधलं अंतर केसभरापेक्षाही कमी बदलतं, आणि तेवढं ते मोजतात. म्हणजे पृथ्वीखाली ठेवलेला तराजूच, उंचीवरून अंदाज नाही, थेट वजन. ते २०१७ पर्यंत चालले, २०१८ मध्ये त्यांची दुसरी जोडी गेली. या तराजूवर अंटार्क्टिका वर्षाला साधारण १३० ते १५० अब्ज टन हलकी होतेय आणि ग्रीनलँड २६०-२७०. एक अब्ज टन म्हणजे एक घन किलोमीटर पाणी. याच जोडीनं पंजाब-हरियाणा-राजस्थानच्या जमिनीखालचं पाणी २००२ ते २००८ मध्ये १०९ घन किलोमीटरनं आटल्याचं दाखवलं होतं, आणि ते आपल्याला लगेच खरं वाटलं, कारण बोअर कोरडे पडलेले आपण डोळ्यांनी बघितले होते. तोच तराजू, तोच काटा. पाणी मोजताना खरा आणि बर्फ मोजताना विदेशी, असं कसं चालेल?

आणि हो, २०२१ ते २०२३ मध्ये अंटार्क्टिकाचं वजन काही काळ वाढलं होतं, तेही याच मोजणीत दिसलं, आणि तीच बातमी आता फॉरवर्डमध्ये फिरतेय. कारण काय, तर पूर्वेकडे नेहमीपेक्षा खूप जास्त बर्फ पडला. गरम हवा जास्त वाफ धरते, ती तिथे पोचली की बर्फ होऊन पडते. २०२२ च्या मार्चमध्ये तिथल्या उंच पठारावर तापमान नेहमीपेक्षा सुमारे ३८ अंशांनी वर गेलं होतं. अडतीस. इंदुरात मेमध्ये ४० असतं, त्याचं ७८ झालं तर काका पंख्याखाली बसून 'हवामान नेहमीच बदलतं' म्हणतील का, माहीत नाही.

समुद्री बर्फाचंही असंच अर्धवट. २०१४ मध्ये अंटार्क्टिकाभोवतीचा हिवाळी समुद्री बर्फ २ कोटी चौरस किलोमीटरच्या वर गेला होता, विक्रम होता तो, शास्त्रज्ञही बुचकळ्यात पडले होते. फॉरवर्ड तिथेच थांबतो. २०२३ च्या सप्टेंबरात, म्हणजे तिथल्या हिवाळ्याच्या शेवटी, तो १ कोटी ७० लाखांच्या आत राहिला. जवळपास भारताएवढा बर्फ हिवाळ्यात धरलाच नाही.

दक्षिण गंगोत्री गाडलं गेलं हे खरं. १९८३-८४ मध्ये बांधलं, १९९० मध्ये सोडावं लागलं. पण ते उभं होतं तरंगत्या बर्फाच्या लादीवर, तिथे दरवर्षी हिम साचतं आणि वर काहीही ठेवा, हळूहळू खाली जातं. ब्रिटिशांचीही तिथली केंद्रं एकामागून एक अशीच गाडली गेली. त्याच्या जागी आपण मैत्री केंद्र खडकावर बांधलं, पुढे भारतीही, दोन्ही उभी आहेत. पुढे.

ज्वालामुखी. आहेत, पश्चिम अंटार्क्टिकाच्या बर्फाखाली शंभराहून जास्त सापडलेत. पण ते काय गेल्या तीस वर्षांत जन्मले नाहीत, आणि बर्फ वेगानं जातोय तो तिथे, जिथे खोल समुद्रातलं तुलनेनं कोमट पाणी बर्फाला खालून चाटतंय, थ्वेट्स हिमनदीपाशी, जी एकटी गुजरातएवढी आहे. आणि भिया, आधी ठरवा तरी, पहिल्या मुद्द्यात बर्फ वाढतोय, तिसऱ्यात ज्वालामुखी तो वितळवतोय. दोन्ही एकाच फॉरवर्डमध्ये!

आता 'लांब आहे, आपला काय संबंध'. हा मुद्दा मला सगळ्यात घातक वाटतो, कारण ग्लासाचा मुद्दा गाळणीनं मोडता येतो, पण 'आपण मालव्यात, साडेपाचशे मीटर उंचावर, आपल्याला काय' हे इंदुरात सगळ्यांच्या मनात आधीपासूनच बसलेलं आहे. माझ्याही होतं.

लांब असणं म्हणजे सुरक्षित, हे या बाबतीत चक्क उलटं आहे. टॉम-जेरीचं गुरुत्वाकर्षण आठवा. अंटार्क्टिकाचा बर्फ एवढा जड आहे की तो आजूबाजूचा समुद्र स्वतःकडे ओढून धरतो, तिथे पाण्याला फुगवटा आलेला असतो. बर्फ कमी झाला की ओढ कमी, धरलेलं पाणी सुटतं आणि लांब जातं. म्हणजे बर्फ वितळल्यावर त्याच्या जवळच्या किनाऱ्यावर पाणी उतरतं आणि हजारो किलोमीटरवर, विषुववृत्ताकडे आणि उत्तरेकडे, सरासरीपेक्षा जास्त चढतं. कोकण त्या लांबच्या बाजूला आहे. वर्गात हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा एक पोरगा म्हणाला, सर ये तो चीटिंग है. आहे खरी.

बंदिस्त समुद्र म्हणे. दक्षिण महासागराभोवती एकाही खंडाची अडवण नाही, त्यामुळे तिथला प्रवाह अंटार्क्टिकाभोवती गोल फिरत राहतो, जगातल्या सगळ्या नद्या एकत्र केल्या तरी त्यांच्या शंभरपटीहून जास्त पाणी वाहून नेतो, आणि अटलांटिक, हिंदी, प्रशांत तिन्हींना जोडतो. बंद कसला, तो चौक आहे. पलासियाच्या चौकासारखा, फक्त तिथे वाहतूक खरंच हलते.

आणि खाली काय चालतं ते तर आणखी भारी. समुद्राचं पाणी उणे १.८ अंशाला गोठतं, गोठताना मीठ बाहेर टाकतं, ते मीठ खालच्या पाण्यात उतरतं, आधीच थंड असलेलं पाणी आणखी खारट आणि जड होतं आणि तळाशी बसतं. वेडेल समुद्र, रॉस समुद्र, अशा मोजक्या जागा आहेत जिथे हे घडतं. ते जड पाणी तळातळानं सरकत विषुववृत्त ओलांडून आपल्यापर्यंत येतं. अरबी समुद्र वर २८-२९ अंश, आंघोळीचं पाणी, पण तीन-चार किलोमीटर खाली जा, दीड-दोन अंश. भारताच्या उन्हाखाली एवढं गार पाणी आलं कुठून? दक्षिणेकडूनच. फॉरवर्ड म्हणतो अरबी समुद्राचा ध्रुवाशी संबंध नाही, आणि अरबी समुद्राच्या तळाशी ध्रुवाचंच पाणी भरलंय. जाताना ते वरची हवा, ऑक्सिजन, कार्बन सगळं खाली घेऊन जातं, जगाच्या समुद्राचा पंप म्हणा. आता वितळलेल्या बर्फाचं गोड पाणी वरून मिसळतंय, समुद्री बर्फ कमी धरतोय, मीठ कमी उतरतंय, आणि वेडेल समुद्रातलं हे थंड तळपाणी गेल्या तीन दशकांत पाचव्या हिश्श्याहून जास्त आक्रसलंय. बर्फ वाढला की घटला यावर भांडत बसतो आपण, आणि खरी भीती वाटावी अशी गोष्ट त्या बर्फाखालच्या पाण्यात चाललीय, जिचा फोटो निघत नाही म्हणून फॉरवर्डही होत नाही.

आपण वातावरणात जी जास्तीची उष्णता अडकवली तिच्यातली ९० टक्के समुद्रांनी गिळली, आणि त्यातला मोठा वाटा दक्षिणेकडच्या याच थंड समुद्राचा. आपल्या धुरातला जवळपास चौथा भाग कार्बन समुद्र घेतात, त्यातलाही ४० टक्क्यांच्या आसपास तिथेच जातो. तो समुद्र नसता तर मे महिन्यात पोहे खायला भल्या पहाटे उठावं लागलं असतं.

पावसाचं बोलायचं तर अरबी समुद्रातून येतो हे बरोबर, पण अरबी समुद्रात वारे येतात कुठून? दक्षिण हिंदी महासागरात मॅडागास्करच्या पूर्वेला जो जास्त दाबाचा पट्टा असतो तिथून निघतात, विषुववृत्त ओलांडतात, सोमालियाच्या किनाऱ्यानं वळतात आणि आपल्याकडे येतात. उत्तरेकडचंही एक आहे. गोव्यात वास्कोला आपली सरकारी ध्रुवीय संशोधन संस्था आहे, तिथल्या लोकांनी २०२१ मध्ये एक पेपर काढला की उत्तर ध्रुवाजवळच्या कारा समुद्रात उन्हाळ्यात बर्फ कमी असेल तर युरोपवरून हवेच्या लाटा अशा काही सरकतात की सप्टेंबरात मध्य भारतात अतिवृष्टीची शक्यता वाढते. शक्यता, संभाव्य संबंध, त्यांनीच जपून लिहिलंय, मीही जपून सांगतोय. २०२३ च्या सप्टेंबरात इंदुरात जो पाऊस कोसळला, तो काही कारा समुद्राच्या नावे लगेच लिहिता येणार नाही. पण 'काही संबंधच नाही' म्हणणाऱ्यानं निदान हा पेपर तरी खोडावा. विदेशी नाहीये, वास्कोचा आहे.

सूर्य: १९७८ पासून उपग्रह त्याचं तेज मोजतायत, वाढ नाही. संपलं.

राहिला प्लॉट. मी काही काकांना समुद्र गिळून टाकेल वगैरे घाबरवत नाहीये. १९९३ पासून उपग्रहांच्या मोजणीत जगाचा समुद्र साधारण १० सेंटीमीटर चढलाय. वितभरही नाही, मलाही आधी हसू आलं होतं. पण तेव्हा वर्षाला २ मिलिमीटरच्या आसपास चढत होता, आता ४ च्या वर. काका, तुम्ही चक्रवाढ व्याज शिकवलंत मला, तुम्हीच बघा. आणि उभे १० सेंटीमीटर म्हणजे आडवे किती? शंभर मीटरला एक मीटर उतार असलेला किनारा धरा, १० सेंटीमीटरला पाणी दहा मीटर आत. खाडीच्या तोंडाशी जमीन आणखी सपाट असते. त्यात उधाण, त्यात वादळ.

हे सगळं मी सोमवारी रात्री काकांच्या घरी जाऊन सांगितलं, काकूनं गाळणी टेबलावर मुद्दाम तशीच ठेवली होती. काकांनी ऐकून घेतलं, 'बरं' म्हणाले, आणि एजंटला स्पीकरवर फोन लावला. भरतीचं पाणी कुठपर्यंत येतं हो? तो म्हणाला, साहेब, कुंपणापर्यंतच, आत येत नाही, अमावस्या-पौर्णिमेला थोडं येतं, पण लगेच जातं. काकांनी सीआरझेडचा, म्हणजे किनाऱ्यालगत कुठपर्यंत बांधकामाला बंधनं आहेत त्याचा, नकाशा मागितला तर म्हणाला पाठवतो. चार दिवस झाले.

टोकन अजून दिलेलं नाही. अमावस्येला स्वतः जाऊन कुंपणापाशी उभं राहून बघायचं ठरलंय. मुंबईपर्यंत अवंतिका एक्सप्रेसची तिकिटं मी काढलीत, तीन. काकूला पण यायचंय.